हवानाच्या बंदरातली ‘मेन’: सुरुंग की कोळसा?

प्रश्न तीन भागांत आहे. १८९८ साली क्यूबातल्या हवाना बंदरात अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका फुटली, ती बाहेरून सुरुंग लावून फोडली की आतूनच पेटली? अमेरिका आणि स्पेनचं युद्ध त्यामुळेच झालं का? आणि आता सव्वाशे वर्षांनी, आजची साधनं वापरून याचा छडा लागेल का?

आधी उत्तर, मग कारणं. माझ्या मते ती आतून पेटली. कोळशाच्या बंकरमध्ये, म्हणजे बोटीवर कोळसा साठवायच्या कोठीत, आग धुमसत होती आणि तिने शेजारचं दारूकोठार पेटवलं. छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण पैज लावायची झाली तर मी इथेच लावीन. युद्ध केवळ तिच्यामुळे झालं असं नाही, मात्र त्या रात्रीनंतर ते टाळणं फार अवघड होऊन बसलं. तिसऱ्या भागाचं उत्तर शेवटी देतो, कारण त्याने थोडी चीड येते.

मी इतिहासकार नाही. तीस वर्षं बोटींवर इंजिनियर म्हणून काढली, त्यातली निम्मी कोळसा वाहणाऱ्या बल्क कॅरियरवर, आणि आता सर्व्हेयर म्हणून जळलेली, फुटलेली, वाकलेली जहाजं बघत फिरतो. आजोबा रत्नागिरीकडचे, जुन्या आगबोटीवर ‘आगवाले’, म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून कोळसा लोटणारे. कोळशाशी आमच्या घराचं नातं जुनं आहे. ‘मेन’कडे मी त्याच नजरेने बघतो, तेव्हा माझा कल कुठे असणार हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

त्या रात्रीचं थोडक्यात. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि तिथे १८९५ पासून बंड पेटलेलं. जानेवारी १८९८ मध्ये हवानात स्पॅनिश अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांवर दंगा केला, तेव्हा अमेरिकन लोकांच्या जिवाला धोका आहे असं म्हणून ‘मेन’ला पाठवलं गेलं. दाखवायला ती सदिच्छा भेट होती. २५ जानेवारीला ती बंदरात आली, तीन आठवडे बोयाला बांधून राहिली. १५ फेब्रुवारीला रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी कॅप्टन चार्ल्स सिग्सबी आपल्या केबिनमध्ये बायकोला लिहिलेलं पत्र पाकिटात घालत होता, आणि बोटीचा पुढचा तिसरा हिस्सा उडाला. तिथल्या कोठारांतली पाच टनांहून जास्त दारू फुटली होती.

मेले २६६. त्यातले अधिकारी दोन. हा आकडा ऐकून लोक पटकन भलतंच काही समजतात, पण कारण साधं आहे. अधिकारी मागे राहत, खलाशी पुढे, आणि दारूची कोठारं खलाशांच्या पायाखाली. याचा एक परिणाम तपासावर झाला, तो फारसा कुणी बोलत नाही. स्फोटाच्या आधीच्या तासाभरात त्या भागात कुठली भिंत गरम लागत होती, कुठे वास येत होता, हे ज्यांना सांगता आलं असतं ती माणसं जवळजवळ सगळी गेली. जे वाचले आणि ज्यांच्या साक्षी झाल्या, ते बहुतेक बोटीच्या दुसऱ्या टोकाला होते.

आता कोळसा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कोळसा पेटायला काडी लागत नाही. हवेतला प्राणवायू तो हळूहळू शोषतो आणि त्या क्रियेत ऊब निर्माण होते. ढीग उघडा असेल तर ऊब वाऱ्यावर निघून जाते. ढीग अगदी घट्ट दाबलेला असेल तर आत हवाच पोचत नाही. घात होतो मधल्या अवस्थेत. आग चालू राहील इतकी हवा, पण ऊब बाहेर जाऊ नये इतकी कोंडी. चुरा जास्त असेल, ओल असेल, कोळसा तेलकट बिटुमिनस जातीचा असेल, तर आणखीच. अमेरिकन नौदलाने त्या काळात अँथ्रासाइट हा कडक जातीचा कोळसा सोडून बिटुमिनस कोळसा घ्यायला सुरुवात केली होती, कारण त्याने वाफ चांगली धरते. ‘मेन’च्या बंकरमध्ये तोच होता.

आज इंडोनेशियातून कोळसा भरताना नियम असा आहे की ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर असेल तर तो चढवायचाच नाही. भरल्यावर हॅच, म्हणजे कोठीचं झाकण, बंद करून रोज नळीने आतली हवा ओढायची आणि कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. तो रोज चढत गेला की समजायचं, आत काहीतरी शिजतंय. एकट्या थर्मामीटरवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. कोळसा उष्णतेचा इतका वाईट वाहक आहे की चार हातांवर निखारा असला तरी तुमच्या थर्मामीटरला गारवाच लागतो.

एकदा असंच झालं. बंगालच्या उपसागरात होतो. तीन नंबरच्या होल्डचं, म्हणजे मालाच्या कोठीचं, तापमान कागदावर व्यवस्थित, रोजच्यासारखं. सेकंड इंजिनियरने येऊन सांगितलं, ‘सर, स्टोअरच्या भिंतीचा रंग सुटलाय.’ जाऊन पाहिलं तर होल्डला लागून असलेल्या बल्कहेडवर, साधारण छातीच्या उंचीवर, परातीएवढ्या गोलात रंगाला फोड आले होते. हाताची उलटी बाजू जवळ नेली, टेकवायची गरजच पडली नाही. त्या गोलापासून दोन हात बाजूला मात्र पत्रा गार. वासही होता, घामट आणि रॉकेलसारखा. आजोबा लहानपणी सांगायचे त्या बंकरच्या वासाची खूण मला तिथे पटली. आम्ही हॅचेस सील केली, भिंतीवर बाहेरून पाणी मारत राहिलो आणि बंदर गाठलं. त्या भिंतीपलीकडे आमच्याकडे दोरखंड आणि रंगाचे डबे होते.

‘मेन’मध्ये त्या भिंतीपलीकडे सहा इंची तोफांच्या दारूचं राखीव कोठार होतं.

हे लिहिताना अतिशयोक्ती करत नाही. ए-१६ नावाचा कोळशाचा बंकर आणि ते कोठार यांच्यामध्ये एकच पातळ पोलादी भिंत होती. आज असा नकाशा घेऊन कुणी आमच्याकडे मंजुरीला आलं तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवू. पण तेव्हा ही पद्धतच होती. बाजूंना भरलेला कोळसा शत्रूच्या गोळ्यांपासून चिलखतासारखा उपयोगी पडतो, म्हणून बंकर कडेला आणि कोठारं आत. त्याच नौदलाच्या ‘सिनसिनाटी’ आणि ‘न्यूयॉर्क’ या जहाजांवर याआधी बंकरच्या आगींनी कोठारापर्यंत धग पोचवली होती आणि वेळेवर लक्ष गेलं म्हणून ती वाचली. खात्याला हा धोका माहीत होता.

मग चौकशीने सुरुंग कसा ठरवला?

स्फोटानंतर आठवडाभरात कॅप्टन विल्यम सॅम्पसन याच्या अध्यक्षतेखाली नौदलाची चौकशी हवानातच सुरू झाली. पाणी गढूळ, पाणबुडे हाताने चाचपडत खाली उतरायचे आणि वर येऊन काय हाताला लागलं ते सांगायचे. पॉवेलसन नावाचा एक तरुण अधिकारी त्यावरून चित्र जुळवत होता. त्या चित्रात एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. पुढून मोजलेल्या १८व्या फासळीपाशी बोटीचा कणा, म्हणजे कील, तुटून उलट्या ‘व्ही’सारखी वर आली होती. जिथे असायला हवी तिथून सुमारे ३० फूट वर. बोटीचा तळ आत आणि वर ढकलला गेलाय, म्हणजे खालून कुणीतरी ढकललंय. म्हणजे सुरुंग. २१ मार्चला निष्कर्ष लिहिला गेला: बाहेरून सुरुंग फुटला, त्याने आतली दारू पेटली. सुरुंग कुणी लावला, हे सांगता येत नाही.

साक्षीदारांनी दोन आवाज ऐकल्याचं सांगितलं, आधी एक बारीक, मग मोठा. यालाही सुरुंगाचा पुरावा मानलं गेलं. पण शेजारच्या जहाजावर उभ्या माणसाला एकच स्फोट दोनदा ऐकू येऊ शकतो. पाण्यातून आवाज सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने येतो आणि जहाजाच्या पत्र्यातून पायांना कळतो. हवेतून तो सेकंदाला ३४० मीटरने येतो. २०० मीटरवर दोन्हींत जवळजवळ अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं. शिवाय कोठारातली दारू सगळी एका क्षणात फुटते असंही नाही. आधी एक खोकं, मग बाकीचं. दोन आवाज सुरुंगाच्या बाजूनेही जातात आणि विरुद्धही, म्हणजे त्यांचा उपयोग शून्य.

वाकलेल्या पत्र्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नवशिके सर्व्हेयर आजही तिथेच फसतात. पत्रा वाकलेला दिसला की लोक म्हणतात, जोर या बाजूने आला. पत्रा खरं तर एवढंच सांगतो की सगळं संपल्यावर तो अशा अवस्थेत थांबला. मधल्या दोन मिनिटांत त्याच्यावर काय काय गुदरलं, ते त्या एका वळणावरून कळत नाही. कोठार फुटलं, बाजू आणि डेक उडाले, बोट मध्येच खिळखिळी झाली. पुढचा तुकडा तळाशी जाऊ लागला, मागचा अजून तरंगतोय, दोघांना जोडणारी फक्त कील. दुमडणारच. त्यात फुटलेल्या पोटात समुद्र आत घुसतोय, तो पत्रे आत ओढतोय. चिखलात रुतलेल्या नाकावर मागच्या भागाचा भार आला की उलटा ‘व्ही’ आपोआप तयार होतो.

स्पेननेही आपली चौकशी केली. पेद्रो देल पेराल या कॅप्टनकडे ती होती. अमेरिकेने संयुक्त चौकशीला नकार दिला होता आणि मोडक्या जहाजाजवळ त्यांना नीट जाऊ दिलं नाही, त्यामुळे ती अपुरीच राहिली. पण त्यांनी विचारलेले प्रश्न मला जास्त शहाणपणाचे वाटतात. पाण्याखाली सुरुंग फुटला तर पाण्याचा खांब उसळतो, तो कुणी पाहिला का? नाही. मासे मरून वर येतात, आले का? नाही. बंदरातून सुरुंग उडवायचा तर वीज लागते, तारा लागतात, त्या सापडल्या का? नाही. आणि सुरुंगाने तळ फुटतो, जहाज बुडतं, पण कोठार उडणं ही गोष्ट नेहमीची नाही. त्यांचा निष्कर्ष होता की कारण आतलं. अर्थात तोच निष्कर्ष त्यांच्या सोयीचाही होता, हे विसरून चालणार नाही.

सोयीचं म्हणाल तर अमेरिकन बाजूचीही सोय होती. कारण आतलं ठरलं असतं तर पहिला प्रश्न आला असता कॅप्टनवर: बंकर शेवटचा कधी तपासला? दुसरा खात्यावर: असं जहाज बांधलं कुणी? नौदलाचा दारूगोळ्यातला सर्वांत जाणता माणूस फिलिप अॅल्जर. त्याने स्फोटानंतर तीन दिवसांत एका वर्तमानपत्राला स्पष्ट सांगितलं होतं की एकटा टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालचा सुरुंग, असा स्फोट घडवू शकत नाही आणि बंकरच्या आगीने कोठार पेटणं हे जास्त संभवनीय आहे. नौदलाचा तेव्हाचा उपमंत्री थिओडोर रुझवेल्ट त्याच्यावर भडकला. सॅम्पसनच्या मंडळाने अॅल्जरला बोलावलंच नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर फिरून आलो. आग लागलेल्या घराचा पंचनामा करायचा आणि अग्निशमन दलाच्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, तसं हे.

१९११ सालची कथा इंजिनियरिंगच्या दृष्टीने सगळ्यांत सुंदर आहे. बारा-तेरा वर्षं ‘मेन’ तशीच हवानाच्या बंदरात पडून होती, डोलकाठी पाण्याबाहेर. शेवटी अमेरिकन काँग्रेसने पैसे मंजूर केले. लष्कराच्या इंजिनियरांनी तिच्याभोवती पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून ५० फूट व्यासाचे २० गोल नळकांडे उभे केले, त्यात चिखलमाती भरली आणि मधलं पाणी उपसून काढलं. भर बंदरात एक कोरडी विहीर, तळाशी जहाज. आत खलाशांचे अवशेषही सापडले.

पुन्हा मंडळ बसलं, या वेळी अॅडमिरल व्रीलंड याच्या हाताखाली, आणि या वेळी त्यांना सगळं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. त्यांनी काय ठरवलं? १८व्या फासळीचं वळण आतल्या स्फोटाने झालं. म्हणजे १८९८ सालचा मुख्य पुरावा त्यांनी स्वतःच निकालात काढला. मात्र सुरुंग त्यांनी सोडला नाही. तो आणखी मागे सरकला, २८ ते ३१व्या फासळ्यांच्या दरम्यान, कारण तिथे तळाचा एक पत्रा आत वाकलेला सापडला. हा सुरुंग आता लहान आणि कमी ताकदीचा झाला होता. पुरावा बदलला, निकाल तोच राहिला. ज्या आरोपावरून युद्ध झालं आणि संपलं, तो तेरा वर्षांनी मागे घेणं कुणालाच जमलं नसतं, असा माझा कयास. त्यांची नावं घेऊन त्यांना अप्रामाणिक म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचा जनक अॅडमिरल हायमन रिकोव्हर याने १९७०च्या दशकात हे प्रकरण पुन्हा हातात घेतलं. इब हॅन्सन आणि रॉबर्ट प्राइस हे स्फोटशास्त्रातले दोन जाणकार त्याने बसवले. त्यांच्या हाती १९११ सालचे उत्तम फोटो होते आणि दुसऱ्या महायुद्धात फुटलेल्या शेकडो जहाजांचा अनुभव. त्यांचं मत १९७६ मध्ये छापून आलं: बाहेरच्या स्फोटाची खूण कुठेच नाही, कारण आतलं, बहुधा ए-१६ मधली कोळशाची आग. १९९८ साली शंभर वर्षं झाली तेव्हा नॅशनल जिऑग्राफिकने संगणकावर प्रतिकृती करून घेतली. त्यात असं निघालं की बंकरच्या आगीने भिंत पुरेशी तापू शकते, पण त्या एका आत वाकलेल्या पत्र्याचा खुलासा लहान सुरुंगाने जास्त नीट होतो. त्यावर हॅन्सनचं समाधान झालं नाही, आणि वाद तिथेच लोंबकळला.

कोळशाच्या बाजूने उभं राहून मी दुसऱ्या बाजूचे मुद्दे दडवणार नाही. ए-१६च्या भिंती बऱ्याच बाजूंनी उघड्या होत्या, माणसं जाता-येता टेकत. कोठारांची तापमानं रोज घेतली जायची आणि त्या दिवशीही ती ठीकच होती. तरीही हा मुद्दा मला फारसा जड वाटत नाही. माझ्या तीन नंबर होल्डचं तापमानही कागदावर ठीकच होतं. परातीएवढा गोल तापला होता आणि दोन हात बाजूला पत्रा गार होता.

सुरुंगवाल्यांना मात्र मी एकच विचारतो. उडवली कुणी? स्पेन सरकारला ‘मेन’ उडवण्यात काडीचा फायदा नव्हता. उलट त्यांची ‘विझकाया’ ही क्रूझर त्याच वेळी न्यूयॉर्कच्या भेटीला निघाली होती. स्फोटानंतर जवळ उभ्या ‘अल्फान्सो १२वा’ या स्पॅनिश क्रूझरच्या नावा खलाशांना वाचवायला लगेच धावल्या. कट्टर स्पॅनिश अधिकाऱ्यांनी परस्पर केलं, क्यूबन बंडखोरांनी अमेरिकेला ओढण्यासाठी केलं, असं म्हणणारे आहेत. शक्यता नाकारता येत नाही, पण कुणाचं नाव, कुणाची कबुली, तारेचा एक तुकडा, काही म्हणजे काही पुढे आलं नाही. क्यूबात आज वेगळीच कथा सांगतात, की अमेरिकनांनी स्वतःच उडवली. हवानातल्या ‘मेन’च्या स्मारकावरचा गरुड क्रांतीनंतर उतरवला गेला आणि साम्राज्यवादी हावरटपणाचे बळी असा मजकूर तिथे लागला. त्यालाही पुरावा नाही.

युद्धाबद्दल. लोकांना ही गोष्ट वर्तमानपत्रांची वाटते: हर्स्टने आपल्या ‘न्यूयॉर्क जर्नल’मध्ये ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, सुरुंगाची चित्रं छापली, पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’शी चढाओढ केली आणि देश पेटला. हर्स्टने क्यूबातल्या चित्रकाराला ‘तू चित्रं दे, युद्ध मी देतो’ अशी तार केली होती, हा किस्सा तर सगळ्यांना पाठ असतो. ती तार कधी सापडली नाही आणि हर्स्टने ती नाकारली होती.

वर्तमानपत्रांचा हात होताच, पण लाकडं आधीच रचलेली होती. वेलर या स्पॅनिश सेनापतीने खेड्यापाड्यांतल्या लोकांना हाकलून तटबंदीत कोंडलं होतं आणि ते उपासमारीने व रोगांनी मेले. फेब्रुवारीतच स्पेनच्या अमेरिकेतल्या राजदूताचं एक खासगी पत्र चोरून छापलं गेलं, त्यात त्याने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीला कमकुवत म्हटलं होतं. १७ मार्चला सिनेटर प्रॉक्टर क्यूबा पाहून आला आणि सिनेटमध्ये अगदी थंड आवाजात त्याने छावण्यांचं वर्णन केलं. व्यापारी मंडळी, जी तोवर युद्धाला कचरत होती, ती तिथे हलली असं अनेकजण मानतात.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो मॅकिन्लीचा ११ एप्रिलचा संदेश. त्यात ‘मेन’ येते, पण कशी? स्पेनने उडवली असं तो म्हणत नाही. तो म्हणतो की बाहेरचं कारण कुठलंही असो, आपल्या बंदरात आलेल्या पाहुण्या जहाजाला स्पेन सुरक्षित ठेवू शकत नाही, आणि ही परिस्थिती असह्य आहे. वकिली चलाखी बघा. ‘कुणी’ हा प्रश्नच गळाला, ‘बाहेरचं’ मात्र धरून ठेवलं. स्पेनने कारणाचा निवाडा तिऱ्हाईत जाणकारांकडे सोपवायची तयारी दाखवली होती. मॅकिन्लीने त्याच संदेशात नोंदवलंय की त्यावर मी उत्तर दिलं नाही. एप्रिल संपायच्या आत युद्ध सुरू झालं. ऑगस्टमध्ये लढाई थांबली, डिसेंबरच्या पॅरिस तहात क्यूबा स्पेनच्या हातून सुटला, प्वेर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला गेले, फिलिपिन्स २ कोटी डॉलरला.

आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटली, तेव्हा गावात पहिली अफवा जपान्यांच्या हल्ल्याची उठली. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच बोटीत भरल्या होत्या. तिच्यातून धूर निघताना आजूबाजूच्या बोटींवरच्या लोकांना दिसला होता, त्यांना वाटलं त्या बोटीवाल्यांना माहीतच असणार. चौकशीत घातपात नव्हे, अपघात ठरला. युद्ध आधीच चालू होतं, म्हणून त्या निकालाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. उलट उदाहरण १९८९ सालचं, अमेरिकेच्याच ‘आयोवा’ या युद्धनौकेचं. तोफेच्या बुरुजात स्फोट होऊन ४७ माणसं गेली, आणि नौदलाने आधी एका मेलेल्या खलाशावर मुद्दाम केल्याचा ठपका ठेवला. बाहेरच्या प्रयोगशाळेने दारू जास्त दाबली गेली तरी असं होऊ शकतं हे दाखवलं, तेव्हा त्यांना त्याच्या घरच्यांची माफी मागावी लागली.

आता राहिलेला तिसरा भाग. छडा लागेल का?

१९११ साली ज्यांच्या हातात सगळं होतं, त्यांनी काय केलं ते ऐका. पुढचा चिंधड्या झालेला भाग, म्हणजे ज्यात उत्तर होतं तोच, गॅस कटरने कापून मोकळा केला. मागच्या, बऱ्यापैकी शाबूत भागाला पुढून भिंत घालून तो तरंगवला, १६ मार्च १९१२ला फुलांनी सजवून खोल समुद्रात ओढत नेला आणि पाणी आत सोडून सन्मानाने बुडवला. २००० साली तो सुमारे ३,७०० फुटांवर सापडला, पण तो अर्धा भाग आम्हाला उपयोगाचा नाही, स्फोट त्यात झालाच नव्हता. एक डोलकाठी अर्लिंग्टनच्या कबरस्तानात उभी आहे, दुसरी अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत. तिथली पोरं गमतीने म्हणतात की ‘मेन’ हे नौदलातलं सर्वांत लांब जहाज आहे.

आणि जहाजातून निघालेल्या काही धातूचे १९१३ साली स्मृतिफलक ओतले गेले. वर ‘मेन’ची तारीख आणि हातात ढाल घेतलेली स्त्री. ते अमेरिकेतल्या गावोगावच्या बागांत आणि टाउन हॉलमध्ये लावले आहेत. पत्रा कुठल्या बाजूने वाकला होता हे त्यांच्यावरून सांगता येत नाही, वितळवून सपाट केलेत.